मांडीचा घेर वाढला आणि व्हीओटू मॅक्स घसरला, हे काय गौडबंगाल?

चढणीवरची (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. पाच वर्षं सायकल चालवतेय, हौशी गटात स्पर्धाही करते. चढ म्हणजे जीव की प्राण. आजवर व्यायामशाळेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, पण गेले चार महिने मनावर घेतलं : आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि एका पायावरचे लंजेस. सायकलिंग तेवढंच ठेवलं.

काल संध्याकाळी मांडीला टेप लावली. ५४ सेंटिमीटर होती, ती ५६ भरली. वजन ५८ चं ६० झालंय. आनंदाच्या भरात सायकलच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन वजन टाकलं. आज राइड संपवून बघते तर व्हीओटू मॅक्स (शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, तो आकडा) ४६ वरून ४४! चार महिने घाम गाळला तो दमसास कमी करायला?

माझं साधं गणित असं होतं : ऑक्सिजन जाळतात स्नायू. स्नायू वाढले की जाळण्याची क्षमता वाढणार. मग आकडा वर जायला हवा ना? जाणकारांनी सांगा, स्क्वॉट बंद करू का?

मांडीठोक (सोमवार, रात्री १०:३१)

बंद?? अजिबात नाही. मांडी दोन सेंटिमीटर वाढवायला लोकांची वर्षं जातात. अभिनंदन करा स्वतःचं आणि त्या कॉम्प्युटरवर रुमाल टाका.

लांबपल्ला (सोमवार, रात्री ११:०५)

मांडीठोक तसंच म्हणणार. मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर पहिल्या रांगेतले पाय बघा एकदा. काटक्या असतात काटक्या! २०२२ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ९ सेकंदांत धावलेल्या किपचोगेचं वजन पन्नाशीच्या जरा वर. दम आणि मांड्या यांचा संबंध असलाच तर उलटा आहे, असं माझं मत.

पायलीचे पन्नास (सोमवार, रात्री ११:०९)

वाचतोय. (माझ्या मांड्या जाड आहेत आणि दमही नाही, त्यामुळे मी दोन्ही पक्षांना उपयोगाचा नाही.)

प्रयोगशाळेतला उंदीर (मंगळवार, सकाळी ७:४०)

ताई, आधी भागाकार करू, शरीरशास्त्र नंतर.

तुमचा ४६ हा आकडा म्हणजे दर मिनिटाला, दर किलो वजनामागे ४६ मिली ऑक्सिजन. ४६ गुणिले ५८ = २६६८ मिली. आता हेच २६६८ भागिले ६० करा. ४४.५ येतात. म्हणजे तुमचं शरीर मिनिटाला जेवढा ऑक्सिजन वापरत होतं तेवढाच वापरतंय, फक्त भाजक मोठा झाला. तुम्ही वजन बदललंत आणि दुसऱ्याच दिवशी आकडा पडला, यातच सगळं आलं. चार महिन्यांत घसरत आला असता तर काळजी होती.

आता खरा प्रश्न. दोन किलोंपैकी बराचसा भाग पायांचा स्नायू असेल असं क्षणभर धरू. (सगळा नसणारच, व्यायाम वाढला की स्नायूंत साखरेचा साठा आणि त्याबरोबर पाणीही वाढतं.) मग वरचा २६६८ हा आकडा का नाही वाढला?

कारण पूर्ण ताकदीनं सायकल मारताना किंवा धावताना अडतं ते जाळण्यापाशी नाही, पोचवण्यापाशी. घराच्या टाकीला जोडलेली एकच मोटर आहे आणि तुम्ही नळ वाढवत चाललाय. नळ मोठे केले म्हणून मोटर जास्त पाणी ओढत नाही. ही मोटर म्हणजे हृदय. विश्रांतीत ते मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं, निरोगी तरुण माणसात जोर लावल्यावर २० ते २५ आणि अव्वल दमाच्या खेळाडूंत ३५ च्या पुढे. एक लिटर रक्तात साधारण २०० मिली ऑक्सिजन मावतो. व्हीओटू मॅक्स म्हणजे हृदयाचा हा पुरवठा गुणिले स्नायूंनी त्यातून काढून घेतलेला वाटा, बस्स. हा कमाल मर्यादेचा विचार ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ च्या सुमारास मांडला.

मग नळांची ताकद किती, हे कुणी मोजलं? बेंग्ट साल्टिन आणि पेर अँडरसन यांनी, १९८५ मध्ये. प्रयोग बघण्यासारखा आहे. माणूस खुर्चीत बसलेला, एक पाय अधांतरी, आणि तो फक्त गुडघा सरळ करून लाथ मारतोय, पुन्हा पुन्हा. काम करतोय तो फक्त मांडीचा पुढचा स्नायू, अडीच-तीन किलोंचा. बाकी शरीर आरामात, त्यामुळे हृदयाला ताण नाही, हवं तेवढं रक्त मिळतंय. तेव्हा त्या स्नायूनं किलोमागे मिनिटाला जवळजवळ अडीच लिटर रक्त घेतलं. पुढे तयारीच्या सायकलपटूंवर मोजलं तर आकडे त्याहूनही मोठे आले.

आता बेरीज करा. सायकलवर समजा १५ किलो स्नायू काम करतात. प्रत्येक किलोनं अडीच लिटर मागितलं तर साडेसदतीस लिटर. सामान्य हृदयाकडे आहेत २५! म्हणजे तुमच्याकडे असलेल्या स्नायूंनाच त्यांच्या भुकेएवढं मिळत नाहीये. त्यात आणखी दोन खाणारी तोंडं आली तर घरात पगार वाढत नाही.

मांडीठोक (मंगळवार, सकाळी ८:१५)

म्हणजे पाय नुसते शोभेचे? हृदयच सगळं करतं तर मग माणसं पायांचा सराव कशाला करतात?

प्रयोगशाळेतला उंदीर (मंगळवार, सकाळी ८:५२)

शोभेचे कोण म्हणालं? *आकार* हा मुद्दा नाही एवढंच म्हणतोय. एक जुना प्रयोग, १९६६ चा, डॅलसमधला. पाच तरुणांना वीस दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांचा व्हीओटू मॅक्स पाव हिश्शाहून जास्त खाली आला. स्नायूंचं वजन तेवढं काही घटलं नव्हतं. घटलं होतं ते हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त. उलट बाजूनं बघायचं तर उत्तेजकांचं उदाहरण घ्या. ईपीओ घेणाऱ्याच्या मांडीत काही भर पडत नाही, फक्त लाल पेशी वाढतात, आणि व्हीओटू मॅक्स वर जातो. म्हणून तर त्यावर बंदी आहे.

पायांच्या सरावानं बदलतं ते स्नायूच्या आतलं. एकाच पायानं सायकल मारायला लावून केलेल्या प्रयोगांत ऑक्सिजन वापरणारी विकरं फक्त सराव केलेल्या पायात वाढली, दुसरा पाय तसाच. हृदय दोघांचं एकच असूनही.

वल्हेकर (मंगळवार, दुपारी १:२०)

लांबपल्ला, काटक्यांचं कौतुक पुरे. आमच्या नाव वल्हवण्याच्या खेळात ९५ किलोची माणसं असतात, मांड्या खांबासारख्या, आणि अव्वल दर्जाचे पुरुष मिनिटाला ६ लिटरच्या वर ऑक्सिजन घेतात. तुमचा ५६ किलोचा धावपटू किलोमागे ८० घेत असला तरी लिटरमध्ये साडेचारच होतात. नावेत वजन पाणी उचलतं, आम्ही नाही. म्हणून आम्ही भागाकार करतच नाही, लिटर बघतो. साडेसहा लिटरवाल्याला ९५ नं भागलं की ६८ येतात आणि मग धावणारे आमच्याकडे दयेनं बघतात.

थोडक्यात, आमच्यात मोठे पाय आणि मोठा दम एकत्रच नांदतात.

प्रयोगशाळेतला उंदीर (मंगळवार, दुपारी १:५८)

वल्हेकर, तुमच्याशी वाद नाही. वेगवेगळ्या मापाची माणसं एका तक्त्यावर मांडली की पायांचे स्नायू आणि लिटरमधला ऑक्सिजन यांचा संबंध ठळक दिसतो. पण मोठ्या पायाच्या माणसाचं हृदयही मोठं असतं, फुप्फुसं मोठी, रक्त जास्त. पाय आणि दम ही त्या मोठ्या शरीराची दोन लेकरं. भाऊ उंच आहे म्हणून बहीण उंच झाली असं आपण म्हणत नाही. आणि हृदय तेच ठेवून नुसता पाय वाढवला, जसं ताईंनी केलं, की तो संबंध विरतो.

किलोनं भागणं हेही पुरतं न्याय्य नाही. शरीर मोठं होत जातं तसा ऑक्सिजन वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, थोडा मागे पडतो. त्यामुळे साधा भागाकार नेहमी चिमुकल्यांच्या बाजूनं झुकतो.

पायलीचे पन्नास (मंगळवार, संध्याकाळी ६:४४)

मी आता अभ्यास करून आलोय, ऐका.

जर्मनीचा ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फर्स्टेमान. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सांघिक स्प्रिंटचं कांस्य. मांडी ७४ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे बऱ्याच जणांची कंबर. या गृहस्थानं ७०० वॅटच्या टोस्टरला सायकल जोडून एक पावाचा तुकडा भाजला आणि लगेच जमिनीवर आडवा झाला. तो व्हिडिओ बघून मी लांबपल्लाच्या पक्षात गेलो होतो.

मग सापडला एरिक हायडन. १९८० चं लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिक, स्पीड स्केटिंग. ५००, १०००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर, पाचही सुवर्णपदकं एकट्याची. दहा हजारात वर विश्वविक्रम. आणि त्याच्या मांड्यांचं माप सगळीकडे २९ इंच दिलंय, म्हणजे तेही ७३-७४ सेंटिमीटर! हा माणूस पुढे सायकलकडे वळला आणि १९८६ ची टूर द फ्रान्स धावला. (आल्प्सच्या उतारावर पडला म्हणून पूर्ण करता आली नाही. नंतर अस्थिरोगतज्ज्ञ झाला, तेही खरंच.)

टेप दोघांना जवळपास तोच आकडा दाखवते. एक मिनिटभरात लोळला, दुसरा पंधरा मिनिटं बर्फावर विक्रमी वेगानं घसरत राहिला. उंदीरमामा, सांगा आता.

लांबपल्ला (मंगळवार, संध्याकाळी ७:०१)

पायलीचे पन्नास, हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वोत्तम. अस्वस्थ केलंत.

प्रयोगशाळेतला उंदीर (मंगळवार, रात्री ९:३०)

मस्त जोडी शोधलीत. पुढच्या व्याख्यानात चोरणार आहे.

टेप घेर मोजते. आत काय आहे ते तिला दिसत नाही. आधी चरबी, हाड आणि स्नायू यांतला फरक तिला कळत नाही ते सोडाच, स्नायूच्या आतही दोन तऱ्हा. जाडजूड, झटका देणारे, लवकर थकणारे तंतू. आणि बारीक, न थकणारे, केशवाहिन्यांनी वेढलेले, मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेले. मायटोकाँड्रिया म्हणजे ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो त्या पेशीतल्या भट्ट्या.

तंतू जाड झाला की एक अडचण येते. ऑक्सिजन केशवाहिनीतून उतरून तंतूच्या मध्यापर्यंत पाझरत जातो, त्याला ओढून नेणारं कुणी नाही. अंतर वाढलं की मध्यभाग उपाशी. त्यामुळे निसर्गात एक तडजोड दिसते : तंतू जितका जाड तितकी त्याची ऑक्सिजन वापरायची क्षमता कमी, आणि उलट. सर्वांत न थकणारा स्नायू कुठला? हृदय. त्याच्या पेशी सडपातळ आणि त्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा मायटोकाँड्रियांनी व्यापलेला.

वजनं उचलून स्नायू फुगवला की काय होतं तेही पाहिलं गेलंय. १९७९ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी दंडाच्या मागच्या स्नायूवर सहा महिने जड व्यायाम देऊन बघितला. मायटोकाँड्रियांची दाटी सुमारे २६ टक्क्यांनी घटली. भट्ट्या मेल्या असं नव्हे, कारखाना वाढला आणि भट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या. मात्र त्या लोकांनी दमाचा व्यायाम केला नव्हता. ताई सायकल चालवतच होत्या, त्यामुळे त्यांचं एवढं पातळ झालं नसणार.

हायडनकडे मोठी मांडी होती *आणि* ती आतून भरलेली होती *आणि* तिला पुरणारं हृदय होतं. अशी माणसं फार थोडी. शिवाय स्केटिंगमध्ये जवळजवळ बसूनच राहायचं असतं. त्या वाकलेल्या अवस्थेत मांडीतलं रक्त अडतं, म्हणून तिथे ताकदवान मांडी असणं फायद्याचं : प्रत्येक ढकलणं तिच्या क्षमतेच्या कमी टक्क्यांत होतं.

लांबपल्ला (मंगळवार, रात्री १०:१०)

धावण्यापुरती एक भर. आमच्यात स्नायू किती यापेक्षा *कुठे* आहे हे जास्त बोचतं. बुटात १०० ग्रॅम वाढले की धावायचा खर्च सुमारे एक टक्क्यानं वाढतो. तेच १०० ग्रॅम कंबरेला बांधा, कळतही नाही. पाय हा लंबक आहे, टोकाला वजन दिलं की प्रत्येक पावलाला ते मागून पुढे फेकावं लागतं. त्यामुळे जाड मांडी एकवेळ खपते, जाड पोटरी नाही. पूर्व आफ्रिकेच्या धावपटूंच्या बारीक पोटऱ्यांवर म्हणूनच एवढं लिहिलं जातं.

मांडीठोक (बुधवार, सकाळी ६:२०)

आता माझी पाळी. रॉबर्ट हिक्सन, १९८०. दहा आठवडे लोकांना फक्त पायांची वजनं उचलायला लावली, धावणं नाही, सायकल नाही. पायाची ताकद ४० टक्के वाढली. व्हीओटू मॅक्स किलोमागे जैसे थे, बरोबर, उंदीरमामांचा मुद्दा. पण ठरावीक कष्टाच्या पातळीवर थकेपर्यंत टिकायची वेळ? सायकलवर ४७ टक्के जास्त! ट्रेडमिलवर १२ टक्के. व्हीओटू मॅक्स न वाढता माणूस जास्त टिकला. मग तुमचा तो आकडा नक्की कशाचं माप आहे?

हिक्सन स्वतः वजनं उचलणाराच होता, बरं का. गुरू जॉन हॉलोझी यांच्याबरोबर रोज पळायला लागला आणि अंग झडायला लागलं, तिथून त्याचं सगळं संशोधन सुरू झालं. आमच्या जमातीचा माणूस.

प्रयोगशाळेतला उंदीर (बुधवार, सकाळी ७:०५)

मांडीठोक, हा मुद्दा शंभर टक्के तुमचा. व्हीओटू मॅक्स हे छत आहे, त्या छताखाली किती वेळ उभं राहता येतं हे वेगळं. पाय ताकदवान असला की तेच पेडल दाबायला त्याच्या क्षमतेचा लहानसा भाग लागतो, न थकणाऱ्या तंतूंवर भागतं, झटकेवाल्यांना उशिरा बोलवावं लागतं. नॉर्वेत रोनेस्टाड यांच्या गटानं तयारीच्या सायकलपटूंना बारा आठवडे सायकलिंगच्या जोडीनं जड स्क्वॉट दिले. १८५ मिनिटं सायकल चालवून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं जीव तोडून मारायला सांगितलं. त्यात त्यांनी सुमारे ७ टक्के जास्त ताकद काढली. नुसती सायकल चालवणाऱ्यांत तेवढा फरक पडला नाही.

पण त्याच हिक्सनचा दुसरा निष्कर्षही सांगून टाका की. दोन्ही व्यायाम रोजच्या रोज भरपूर केले तर सात-आठ आठवड्यांनी ताकद वाढायची थांबते. दमाचं मात्र नुकसान होत नाही. म्हणजे घाबरायचं कुणी? तुम्ही, ताईंनी नाही.

मांडीठोक (बुधवार, सकाळी ७:११)

म्हणूनच मी पळत नाही.

साठीतला सायकलवाला (बुधवार, सकाळी ११:४५)

तरुण मंडळींच्या चर्चेत नाक खुपसतो. आम्हाला साठीनंतर हे सगळं वेगळं दिसतं. वयानुसार व्हीओटू मॅक्स घटतो, दशकाला दहा टक्के वगैरे. १९८८ मध्ये फ्लेग आणि लकाटा यांनी तो वजनाऐवजी स्नायूंच्या अंदाजानं भागून पाहिला, तर घटीचा बराच मोठा भाग गळून पडला. म्हणजे नुसता पंप जुना होत नाही, स्नायूही आटत जातात. माझी मांडी पाच वर्षांत साडेतीन सेंटिमीटर उतरली आहे आणि चढावर आधी दम नाही, पाय सोडतात. त्यामुळे चढणीवरची, वाढलेली मांडी जपून ठेवा, पुढे व्याजासकट लागते.

चढणीवरची (बुधवार, रात्री ९:५०)

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! तीन वेळा वाचलं.

आधी माझा गाढवपणा कबूल करते. ५६ सेंटिमीटर मोजले ते संध्याकाळी, स्क्वॉट झाल्यावर तासाभरात. तेव्हा मांडी रक्तानं फुगलेली असते हे लक्षातच आलं नाही. शिवाय चार महिन्यांपूर्वी नक्की कुठे मोजलं होतं याचीही खात्री नव्हती. आज सकाळी उठल्या उठल्या, उभं राहून, जांघ आणि गुडघ्याची वाटी यांच्या बरोबर मध्यावर पेनानं खूण करून तीनदा मोजलं. ५५.२, ५५.१, ५५.२. (जुनं माप याच जागेचं होतं, डायरीत सापडलं. हुश्श.)

आणि पॉवर मीटरचे जुने आकडे काढले. वीस मिनिटांची सर्वोत्तम सरासरी चार महिन्यांपूर्वी १७० वॅट होती, गेल्या आठवड्यात १७६. भागाकार केला : १७० भागिले ५८ आणि १७६ भागिले ६०. दोन्हीकडे २.९३! म्हणजे चढावर मी होते तिथेच आहे आणि सपाटीवर सहा वॅट फुकट मिळाले. आता कळलं, सपाट रस्त्यावर हल्ली मैत्रिणी मागे का पडतात.

प्रयोगशाळेतला उंदीर (बुधवार, रात्री १०:२०)

सुंदर. घेर ५४ वरून ५५.२ म्हणजे सव्वादोन टक्के, पण छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गानं वाढतं, म्हणजे साडेचार टक्के. वॅट वाढले साडेतीन टक्के. अगदी तंतोतंत जुळावं अशी अपेक्षा नाही, पण गोष्ट एकाच दिशेनं जातेय.

कॉम्प्युटरचा आकडा अंदाज असतो, जमलं तर मास्क लावून खरी चाचणी करून घ्या. आणि शेवटी काय आधी थांबलं ते लक्षात ठेवा, दम की पाय.

चढणीवरची (तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:३५)

धागा वर काढतेय, चाचणी झाली!

नाकाला मास्क इतका घट्ट की गालावर दोन तास वळ होते. दर मिनिटाला २० वॅट वाढवत नेतात. २०० पर्यंत मजेत, २२० ला घाम डोळ्यांत, २४० ला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं. त्यातली वीस सेकंदं कशीबशी काढली.

निकाल : २.७४ लिटर. वजन ६०, म्हणजे ४५.७. कॉम्प्युटरपेक्षा बराच बरा. तिथल्या ताईंनी दाखवलं की शेवटच्या दीड मिनिटात वॅट वाढत होते तरी ऑक्सिजनची रेघ आडवी झाली होती, म्हणजे पुरवठा संपला होता.

आणि उंदीरमामा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : मला वाटलं पाय गेले. मांड्यांत आग होती, पेडल फिरेना. दम लागला होता पण अजून दोन श्वास घेता आले असते असं वाटलं. मग ती रेघ बघून गोंधळले.

प्रयोगशाळेतला उंदीर (शनिवार, संध्याकाळी ५:१०)

गोंधळू नका. रक्त पुरेनासं झालं की ओरडतात ते पायच. हृदय बोलत नाही.

मांडीठोक (शनिवार, संध्याकाळी ५:१४)

सोमवारी स्क्वॉट आहेत ना?

चढणीवरची (शनिवार, संध्याकाळी ५:१६)

आहेत. टेप सकाळीच लावणार.